परवान्याचे अखेरचे पान

मागील महिन्यात मिरजगावला जाणे झाले. नगर-सोलापूर रस्त्यावरील हे कर्जत तालुक्यातील बाजारपेठेचे गाव माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. बँकेच्या नोकरीतील काही वर्षे मी याच गावी काढली. त्या काळी ज्यांच्या आडत दुकानाचे खाते माझ्या टेबलावर असे, त्या शेठजींकडे दुपारी भोजनाचे निमंत्रण होते. शेठजींनी आता ऐंशी ओलांडली आहे. दुकान मुलाच्या हाती आहे आणि पुण्याहून अभियांत्रिकी शिकून आलेला नातू त्यात लक्ष घालू लागला आहे. या घरात कांदा चुलीवर चढत नाही, मात्र तीन पिढ्यांचा प्रपंच चालला तो कांद्याच्या आडतीवर. ही गंमत शेठजी स्वतःच हसत हसत सांगतात.

पान आटोपल्यावर शेठजी म्हणाले, "साहेब, आलाच आहात तर या पोराची एक फाईल नजरेखालून घाला. कर्जाचं प्रकरण आहे, तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

नातवाने फाईल पुढे ठेवली. कांद्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया करणारे केंद्र उभारण्याचा तो प्रकल्प अहवाल होता. जमीन, इमारत, यंत्रसामग्री, खेळते भांडवल, पाच वर्षांचा अंदाजित नफा-तोटा, सारे नीटनेटके मांडलेले. परवान्यांच्या सदरात मात्र एकच ओळ होती: ‘सर्व आवश्यक परवाने यथावकाश घेण्यात येतील.’

"परवाना म्हणजे किती दिवसांचं काम असतं?" शेठजींनी विचारले. "आणि भेटायचं कोणाला?"

या प्रश्नाला मी हसू शकलो नाही. नोकरीची तीस वर्षे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसून जवळपास हेच विचारीत आलो होतो. परवान्याची साक्षांकित प्रत जोडली आहे ना? असेल तर खूण करायची आणि पान उलटायचे. परवाना हा वाचण्याचा दस्तऐवज आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला सांगितले नाही. त्या दुपारी नातवाच्या संगणकावर आम्ही तिघांनी तो विषय प्रथमच नीट वाचला. वाचताना जे उमगले आणि जे जुने आठवले, ते या महिन्याच्या सदरात मांडतो.

प्रथम व्यवसाय समजून घेऊ. चाळीत साठवलेला कांदा तीन वाटांनी तोटा देतो. त्याचे वजन घटते, तो सडतो आणि पावसाळा उलटू लागला की त्याला कोंब फुटतात. यातील तिसरी वाट गॅमा किरणांनी बंद होते. काढणीनंतर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच, त्याला ०.०२ ते ०.२ किलोग्रे इतकी अल्प मात्रा दिली की कोंब फुटण्याची क्रिया थांबते. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. उन्हात वाळवलेल्या पापडात ऊन साठून राहत नाही, तसेच हे. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, लासलगावी, भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये असे केंद्र उभारले. ‘कृषी उत्पादन संरक्षण केंद्र’ म्हणजेच ‘कृषक’ या नावाने ते ओळखले जाते. २००७ मध्ये याच केंद्रातून प्रक्रिया होऊन भारतीय हापूस अमेरिकेस रवाना झाला. म्हणजे कल्पना नवी नाही आणि हवेतलीही नाही.

मात्र सड आणि घट यांवर हा उपाय नाही; त्यासाठी चांगली साठवण लागतेच. कांदा प्रक्रियेस येणार तो काढणीनंतरच्या मोजक्या आठवड्यांत. उरलेले महिने काय? नातू म्हणाला, "काका, उरलेले महिने यंत्र बंद ठेवू. वीजबिल वाचेल."

येथे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याचा मला उपयोग झाला. या केंद्रातील किरणे विजेवर निघत नाहीत. ती निघतात कोबाल्ट-६० या धातूच्या कांड्यांमधून. दवाखान्यातील क्ष-किरण यंत्र हे दिव्यासारखे आहे; कळ बंद केली की अंधार. कोबाल्ट हा निखारा आहे. त्याला कळ नाही. तुम्ही कांदा आणा वा न आणा, दिवाळीची सुटी असो वा बाजार बंद असो, तो धगधगतच राहतो आणि धगधगताना झिजत राहतो. सुमारे सव्वापाच वर्षांत त्याची शक्ती निम्मी होते. वर्षाला साधारण बारा टक्के. आपण यंत्रावर घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा लावतो, तोच हा हिशेब; फरक इतकाच की हा घसारा सनदी लेखापालाने नव्हे, निसर्गाने ठरवला आहे. शंभर रुपयांचा माल वर्षाने अठ्ठ्याऐंशीचा, सव्वापाच वर्षांनी पन्नासचा, साडेदहा वर्षांनी पंचवीसचा. प्रक्रियेचा वेग टिकवायचा तर अधूनमधून नव्या कांड्या भरणे आले. नातवाच्या पाच वर्षांच्या अंदाजपत्रकात या घसाऱ्याला रकानाच नव्हता.

घटत्या शिल्लक पद्धतीचे दुसरे वैशिष्ट्य व्यापाऱ्यास ठाऊक असते. शिल्लक कमी कमी होत जाते, पण शून्य कधी होत नाही. आमच्या दुपारच्या चर्चेचे खरे मर्म या शून्य न होणाऱ्या शिलकीत होते. परवान्याचे मर्मही तेथेच आहे.

आपल्या देशात किरणोत्सारी स्रोत बाळगण्याची व वापरण्याची अनुमती अणुऊर्जा नियामक मंडळ देते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी हे मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. अर्ज आता ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीवर करावयाचा असतो. त्यामुळे "भेटायचं कोणाला" या शेठजींच्या प्रश्नाचे उत्तर "कोणालाही नाही" असे आहे. "किती दिवस" याचे उत्तर मात्र दिवसांत देता येत नाही, कारण ही एक अनुमती नसून पायऱ्या आहेत. प्रथम जागेची मान्यता. मग बांधकामाची. मग स्रोत आणून केंद्र कार्यान्वित करण्याची. त्यानंतर प्रत्यक्ष चालविण्याचा परवाना. एका पायरीची पूर्तता दाखवल्याखेरीज पुढची मिळत नाही. बांधकाम उरकून मागाहून कागद नियमित करून घेण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिला येथे वाव नाही.

प्रत्येक पायरीवर काय विचारले जाते, हे पाहण्यासारखे आहे. काँक्रीटच्या भिंती किती जाड? काम नसताना कांड्या खोल पाण्यात वा जाड कवचात उतरवून ठेवण्याची व्यवस्था काय? कांड्या वर असताना दार उघडणारच नाही, अशी परस्परावलंबी कुलुपे कोठे? चोरी होऊ नये म्हणून पहारा कसा? अपघात झाला तर पहिल्या तासात कोण काय करील? किरणोत्सार सुरक्षा अधिकारी म्हणून कोणाची नेमणूक आहे? हा अधिकारी मालकाच्या मर्जीतला कोणीही चालत नाही. विहित शिक्षण व प्रशिक्षण घेतलेला आणि मंडळाने मान्य केलेला लागतो. कामगारांच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लागतो. कामगारास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. भिंतीपलीकडच्या सामान्य माणसासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. बिल्ल्याचा हिशेब ठेवणे ही मालकाची जबाबदारी. आपण हमालाच्या तोलाईचा हिशेब ठेवतो, तसा त्याच्या अंगावर पडलेल्या किरणांचाही ठेवायचा.

मर्यादेच्या आत असलो म्हणजे झाले, असेही हे शास्त्र मानीत नाही. जी मात्रा टाळता येण्याजोगी आहे ती टाळलीच पाहिजे, आणि ज्या वापरातून लाभ नाही तो वापरच करू नये, ही त्याची मूळ तत्त्वे आहेत. आपल्या घरातील वडीलधारी माणसे पाणी गाळताना, चूल पेटवण्यापूर्वी सरपण झटकताना ‘जयणा’ म्हणतात, त्याहून हे फार वेगळे वाटत नाही.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही त्या प्रश्नापाशी आलो, ज्याने मला थांबवले. स्रोत निरुपयोगी झाल्यावर तो कोणाकडे, कोणत्या व्यवस्थेने परत जाणार? म्हणजे दुकान उघडण्यापूर्वीच दुकान बंद करण्याची कलमे लिहून द्यायची. आजवर मी शेकडो प्रकल्प अहवाल तपासले. सुरुवातीची शिल्लक प्रत्येकाने लिहिली होती. अखेरची शिल्लक कोण उचलणार, हे मी एकालाही विचारले नव्हते.

हा प्रश्न न विचारल्याने काय होते, याचे उत्तर दिल्लीत मिळाले. तेथील मायापुरी भागात भंगाराचा मोठा बाजार आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९७० च्या सुमारास संशोधनासाठी कोबाल्टचे एक यंत्र घेतले होते. १९८५ नंतर ते वापरात राहिले नाही. ज्या प्राध्यापकांना त्याची माहिती होती ते निवृत्त झाले. यंत्र कोपऱ्यात पडून राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने जुन्या सामानाबरोबर तेही लिलावात विकले. भंगारवाल्यांनी शिशाचे जाड कवच फोडले. आत चकाकणारे धातूचे तुकडे निघाले. एकाने त्यातला लहानसा तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली. त्वचा काळवंडली, केस गळाले, अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला.

मी घसाऱ्याचे गणित मांडून पाहिले. चाळीस वर्षांत कोबाल्टची शक्ती मूळच्या सुमारे दोनशेव्या भागावर येते. शंभर रुपयांचे पन्नास पैसे. कोणताही लेखापाल अशी बाब पुस्तकातून निर्लेखित करील. त्या पन्नास पैशांनी माणूस मारला.

ही बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मी नोकरीत होतो, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. कारण सांगतो. त्यापूर्वी काही वर्षे, दुसऱ्या जिल्ह्यातील एका शाखेत असताना, कागद बनविणाऱ्या एका लहान कारखान्याचे कर्ज थकले. जप्ती झाली आणि यंत्रसामग्रीचा लिलाव माझ्या सहीने झाला. यादीच्या शेवटी एक ओळ होती: ‘इतर उपकरणे, एक लॉट.’ त्या ढिगात काय आहे, हे मी उघडून पाहिले नव्हते. लिलावाची अट नेहमीचीच, ‘जसे आहे, जेथे आहे.’ एका भंगार व्यापाऱ्याने लॉट घेतला. त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा सोबत आला होता आणि बापाचे पैसे मोजून होईपर्यंत त्या ढिगावर चढ-उतार करीत होता. मायापुरीच्या बातमीबरोबर आलेल्या एका लेखात म्हटले होते की कागदाच्या कारखान्यांत जाडी मोजण्यासाठी किरणोत्सारी स्रोत असलेली उपकरणे वापरली जातात. ते वाक्य वाचले आणि तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला. कारखान्याच्या एका जुन्या पर्यवेक्षकाचा ठावठिकाणा लागायला तीन आठवडे गेले. तो म्हणाला, "साहेब, आमचा कारखाना केवढा! जाडी आम्ही हाताच्या मापानं मोजायचो. असलं महाग उपकरण आमच्याकडं कुठलं?" मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ती सुटका माझ्या दक्षतेची कमाई नव्हती. निष्काळजीपणाला दैवाने दिलेली सवलत होती. ते तीन आठवडे मी आजतागायत विसरलो नाही आणि घरातही कोणाला सांगितले नव्हते. आज प्रथमच लिहीत आहे.

असाच प्रसंग १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरी घडला होता. तेथील कर्करोग उपचार केंद्राने जागा बदलली आणि सीझियम-१३७ असलेले जुने यंत्र पहिल्याच इमारतीत सोडून दिले. परवान्याच्या अटींनुसार हे नियामक यंत्रणेस कळवणे बंधनकारक होते. ते कळवले गेले नाही. दोघांनी त्या ओसाड इमारतीतून यंत्राचा भाग काढून भंगारात विकला. त्यातील भुकटी अंधारात निळसर चमके, म्हणून ती नातलगांत कौतुकाने वाटली गेली. चौघांचा अंत झाला; त्यांत भंगारवाल्याच्या भावाची सहा वर्षांची मुलगी होती. दिल्ली आणि गोयानिया या दोन्ही ठिकाणी सुरुवातीचे व्यवहार रीतसर होते. यंत्र चोरून आणलेले नव्हते. चुकली ती खाते बंद करण्याची नोंद, आणि तिची किंमत मोजली ती ज्यांचे नाव कोणत्याही अर्जावर नव्हते अशा माणसांनी.

म्हणूनच हा परवाना इतर परवान्यांपेक्षा वेगळा आहे. बाजार समितीचा परवाना तुम्हास व्यवहाराचा अधिकार देतो. हा परवाना अधिकारापेक्षा उत्तरदायित्व अधिक देतो. एका विशिष्ट वस्तूसाठी, ती आणल्या दिवसापासून परत पाठवल्या दिवसापर्यंत, एक विशिष्ट माणूस उत्तर देण्यास बांधला जातो. त्याची मुदत असते, नूतनीकरण असते. सुरक्षा अधिकारी नोकरी सोडून गेला तर दुसरा नेमावा लागतो. उद्देश एकच, की ती कांडी क्षणभरही बेवारस राहू नये. मायापुरीचे यंत्र बेवारस झाले ते लिलावाच्या दिवशी नव्हे, तर ज्या दिवशी त्याची माहिती असलेला शेवटचा माणूस विभागातून बाहेर पडला त्या दिवशी.

आपल्या वाचकांपैकी विकिरण केंद्र उभारणारे विरळाच असतील. तथापि हा विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. आपल्या समाजातील अनेकजण लोखंड व भंगाराच्या व्यापारात आहेत. बंद पडलेल्या कारखान्याचा, रुग्णालयाचा किंवा प्रयोगशाळेचा लॉट घेताना ‘इतर उपकरणे’ या शब्दांपुढे यादी मागावी. पिवळ्या पार्श्वभूमीवर मध्यबिंदूभोवती तीन पाती असे चिन्ह दिसले, किंवा आकाराच्या मानाने विलक्षण जड अशी शिशाची पेटी आढळली, तर ती फोडू नये, हलवू नये. माणसांना दूर करून पोलिसांना व नियामक मंडळास कळवावे. सौदा मोडला तर मोडू द्यावा. ज्यांच्या घरी डॉक्टर मुले-सुना आहेत आणि दवाखाना थाटण्याची तयारी चालू आहे, त्यांनी मुहूर्त काढण्यापूर्वी क्ष-किरण यंत्राच्या नोंदणीची पूर्तता करावी. सीटी स्कॅन यंत्रास तर परवानाच लागतो. भिंतीपलीकडे बहुधा आपलेच दुकान असते आणि त्या भिंतीला पाठ टेकून आपलेच वडील बसलेले असतात. आणि बँकेत असलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगेन की, लिलावाच्या यादीवर सही करण्यापूर्वी ढीग एकदा डोळ्यांनी पाहा.

मिरजगावहून निघायला सायंकाळ झाली. प्रकल्पाचे काय होणार, हे त्या दिवशी ठरले नाही आणि ठरू नये असेच मला वाटले. केवळ कांद्याच्या मोजक्या आठवड्यांवर त्या घसाऱ्याचे ओझे पेलेल असे आकडे सांगत नव्हते. मसाले, आंबा वा अन्य माल वर्षभर मिळाला तरच विचार करता येईल. तसा माल मिळेपर्यंत, ज्यांच्याकडे केंद्र व परवाना दोन्ही आहेत त्यांच्याकडून प्रक्रिया करून घेणे, हा मार्ग आहेच. नातू थोडा हिरमुसला होता. शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दुकानातून एक कोरी वही मागवली आणि सवयीने पहिले पान न उघडता तिचे अखेरचे पान उघडून नातवापुढे ठेवले.

"ते शेवटचं आधी लिही," ते म्हणाले.

नातवाने तीन ओळी लिहिल्या. कांड्या परत कोणाकडे जाणार. कोणाच्या खर्चाने. आपण नसलो तर कोणाच्या सहीने. तिन्ही ओळींपुढची जागा अजून कोरी आहे. पहिल्या दोन प्रश्नांची माहिती घेण्यासाठी तो पुढच्या आठवड्यात लासलगावला जाणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातच शोधावे लागेल, असे शेठजी मला निरोप देताना म्हणाले.